पाणी, मीठ आणि माप

शरीरातील पाणी आणि क्षार यांचा तोल बिघडणे हा स्वतंत्र आजार नव्हे. जुलाब, उलट्या, ताप, ऊन, मधुमेह, हृदयाचा किंवा किडनीचा जुना विकार, कधी कधी रोजच्या चालू गोळ्यासुद्धा, अशा अनेक वाटांनी तो बिघडतो. सोलापूर जिल्ह्यात यातल्या बहुतेक वाटा एकत्र येतात. मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो आणि त्याच दिवसांत यंत्रमाग, वीटभट्ट्या, बांधकामे चालू असतात. शहराच्या अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून घरोघरी पिंपात आणि टाक्यांत साठा करावा लागतो; झाकण आणि हात स्वच्छ नसले की त्याच पाण्यातून जुलाब पसरतात. आषाढात पालख्या नातेपुते, माळशिरस, अकलूज, वेळापूर, वाखरी या गावांवरून पंढरपूरला पोचतात आणि काही दिवस लाखो माणसे एकाच नदीकाठी राहतात. शिवाय रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारे वयस्कर लोक गावोगाव वाढले आहेत.

या सगळ्यांची पहिली गाठ पडते ती आशाताईशी, उपकेंद्रातल्या परिचारिकेशी, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या किंवा गल्लीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी. तिथे अतिदक्षता विभाग नसतो आणि रक्ताचा अहवाल हाती यायला वेळ लागतो. तरीही बहुतेक रुग्णांचा बिघाड तिथेच ओळखता येतो आणि तिथेच दुरुस्त करता येतो. त्यासाठी तीन गोष्टी विचाराव्या लागतात: शरीरातून काय गेले, किती गेले, आणि जास्त झालेले बाहेर टाकायची ताकद शरीरात आहे का. तिसरा प्रश्न सर्वांत जास्त वेळा राहून जातो. जे पाणी किंवा मीठ एका रुग्णाला वाचवते, तेच शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला अपाय करू शकते, ते या तिसऱ्या प्रश्नामुळेच.

शरीरातला हिशेब

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असतो. ७० किलोच्या माणसात ते साधारण ४२ लिटर भरते. त्यातले २८ लिटर पेशींच्या आत असते, १४ लिटर पेशींच्या बाहेर. आणि या बाहेरच्या पाण्यातले जेमतेम ३ लिटर रक्ताच्या द्रवरूपात शिरांमधून फिरते. स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्ये पाण्याचे प्रमाण थोडे कमी असते. नवजात बाळात ते ७० ते ७५ टक्के असते आणि रोज येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा वाटाही वजनाच्या मानाने मोठा असतो. म्हणून बाळ काही तासांत सुकते.

पेशींच्या बाहेरच्या पाण्यात मुख्य क्षार सोडियम. रक्तात त्याचे प्रमाण लिटरला १३५ ते १४५ एकक असते. पेशींच्या आत पोटॅशियम. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींमध्ये असते आणि रक्तात फक्त ३.५ ते ५ एकक. रक्तातला हा आकडा एक-दोन एककांनी सरकला तरी स्नायू आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

हा हिशेब तहान, मेंदूतून सुटणारे एडीएच हे संप्रेरक आणि किडनी मिळून सांभाळतात. रक्त थोडे दाट झाले की तहान लागते आणि एडीएच किडनीला पाणी राखायला लावते. रक्त पातळ झाले की एडीएच थांबते आणि लघवीवाटे जास्तीचे पाणी निघून जाते. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते आणि किडनीची क्षमताही घटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तहान लागली तरी पाणी मागता येत नाही, तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. यंत्रणेचा एक भाग आधीच दुबळा असलेली अशी माणसे प्राथमिक आरोग्यसेवेने सर्वांत आधी डोळ्यांसमोर ठेवायला हवीत.

जुलाब आणि जलसंजीवनी

एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची यात्रा आणि पटकी यांचे नाते सरकारी अहवालांत वारंवार नोंदले गेले. पटकीत मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. माणूस काही तासांत दगावतो तो या पाण्याअभावी. त्यावर तोंडाने देता येणारा उपाय सापडला तो मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये तोंडाने दिलेल्या द्रवावर पटकीचे रुग्ण बरे केल्याचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. आतड्याची भिंत साखर आत घेताना तिच्यासोबत सोडियमही ओढून घेते आणि सोडियममागे पाणी येते, हे १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडले. पटकीच्या विषाने आतडे पाणी सोडत असले तरी साखर आणि मीठ आत नेणारी ही वाट शाबूत राहते. तोंडाने दिलेले पाणी टिकते ते याच वाटेने.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचे मिश्रण पुड्यांत भरून घेतले, पिंपांत पाणी कालवून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. पूर्वी अशा छावण्यांत पटकीचे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत असत. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आशाताईच्या पिशवीतली ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी त्या पिंपांतूनच आली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून स्वीकारलेल्या सूत्रानुसार एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते, एकूण २०.५ ग्रॅम. आधीच्या सूत्रापेक्षा यात मीठ आणि साखर दोन्ही कमी आहेत, त्यामुळे जुलाबाचे प्रमाण घटते आणि सलाईन लावायची वेळही कमी वेळा येते. पुडीचे सगळे काम या प्रमाणावर चालते. बाजारात २०० मिलिलिटरच्या लहान पुड्याही मिळतात. लहान पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर द्रावण कुचकामी ठरते; मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर बाळाच्या रक्तात मीठ धोकादायक वाढते. म्हणून पुडी देताना आरोग्यसेविकेने पुडीवरचा आकडा दाखवावा आणि घरातले कोणते भांडे किंवा बाटली लिटरची आहे हे विचारून घ्यावे. सोलापूरच्या पूर्व भागात हे तेलुगूत आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या अनेक घरांत कन्नडमध्ये सांगावे लागते. मापाची गोष्ट ज्या भाषेत कळेल त्याच भाषेत सांगितली पाहिजे. कालवलेले द्रावण उकळायचे नसते आणि २४ तासांनंतर उरलेले ओतून टाकायचे असते.

मुलाचे शरीर किती सुकले आहे हे ठरवायला उपकरण लागत नाही. मूल शुद्धीवर आणि खेळते आहे की चिडचिड करते की मलूल पडले आहे, डोळे खोल गेलेत का, पाणी दिले की अधाशासारखे पिते की पिऊच शकत नाही, हे आधी पाहायचे. मग पोटाची चिमटी: बेंबी आणि कूस यांच्या मधोमध अंगठा व तर्जनीने कातडी उभी धरून उचलायची, क्षणभर धरायची आणि सोडायची. निरोगी मुलाची कातडी सोडताक्षणी सपाट होते. सुकलेल्या मुलाची घडी डोळ्यांना दिसेल इतपत टिकते. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली तर शोष गंभीर आहे असे समजावे. फार कुपोषित मुलात ही चिमटी फसवते, म्हणून बाकीच्या खुणा सोबत पाहाव्या लागतात.

शोषाची लक्षणे नसतील तर उपचार घरी होतो. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर ओआरएस द्यायचे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवायचे. थोडा शोष असेल तर केंद्रातच बसवून चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर पाजायचे. आठ किलोच्या मुलाला ते ६०० मिलिलिटर होतात, म्हणजे २०० मिलिलिटरचे तीन पेले. बाळाला दर एक-दोन मिनिटांनी चमच्याने पाजावे; उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, पण आणखी सावकाश. चार तासांनी परत तपासून पुढचे ठरवायचे. मूल मलूल असेल, पिऊ शकत नसेल, तर ताबडतोब शिरेतून रिंगर लॅक्टेट सुरू करायचे: किलोमागे १०० मिलिलिटर. वर्षाखालच्या बाळाला त्यातले ३० पहिल्या तासात आणि ७० पुढच्या पाच तासांत, मोठ्या मुलाला ३० अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. याच्या जोडीला जस्ताची गोळी: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १० मिलिग्रॅम, सलग १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून पालक ती मध्येच बंद करतात. पूर्ण दिली तर पुढचे काही महिने जुलाब कमी होतात. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला प्रतिजैविकांची गरज नसते.

पुडी मिळेपर्यंत घरचे मीठ-साखर-पाणी चालते: लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. त्यात पोटॅशियम नसते आणि हाताचे माप चुकते, म्हणून ते तात्पुरते. ताक, भाताची पेज, डाळीचे पाणी सोबत चांगले. बाटलीबंद गोड पेये मात्र टाळावीत. त्यांतली जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. अनेक वर्षे अशी काही पेये नावात ‘ओआरएस’ मिरवत होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांवर हा शब्द वापरायला मनाई केली. औषधाच्या दुकानात घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पुडीवर आहे का, हे पाहून घ्यावे.

उन्हात गेलेले मीठ

घामातून पाणी जाते तसे मीठही जाते. कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम निघू शकतो. ऊसतोड थंडीत सुरू होते, पण हंगाम मार्चपर्यंत लांबला की मजूर उन्हात सापडतात. रंगकामाच्या आणि भट्ट्यांच्या ठिकाणी उष्णता बारमाही असते. असा माणूस दिवसभर नुसते पाणी पीत राहिला तर पाणी भरून येते, मीठ येत नाही. पोटऱ्यांत गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. मीठ घातलेले ताक, पन्हे, लिंबू सरबत, भाकरीसोबत चटणी-लोणचे हे घरचे उपाय इथे खरोखर उपयोगी पडतात. जास्त थकवा असेल तर ओआरएस द्यावे. लघवीचा रंग ही सोपी खूण आहे. दुपारपर्यंत लघवी गर्द पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

उष्माघात याच्या पुढची पायरी आहे आणि तिथे आधी थंड करावे लागते. अंगाचे तापमान ४० अंश सेल्सिअसवर, बोलणे असंबद्ध, झटका किंवा बेशुद्धी अशी स्थिती दिसली की रुग्णाला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत पंखा लावावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी या तापावर चालत नाही.

सलाईनची बाटली

अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायचे, ही सवय शहरात आणि खेड्यात सारखीच रुजली आहे. तेव्हा बाटलीत काय असते ते नीट सांगायला हवे. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, दुसरे काही नाही. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जवळजवळ दिवसाचे मीठ एका बाटलीतून थेट रक्तात जाते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, सुमारे १०० कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीतून याहून जास्त ऊर्जा मिळते. बाटलीत पिवळे जीवनसत्त्व मिसळले म्हणून तिची ताकद वाढत नाही.

सलाईन प्राण वाचवते, पण ठरावीक ठिकाणी: रक्तदाब कोसळलेला असेल, शुद्ध हरपली असेल, उलट्या थांबत नसतील, आतडी हालत नसतील किंवा रक्तस्राव झाला असेल तेव्हा. तोंडाने पिऊ शकणाऱ्या माणसाला तिची गरज नसते. हृदय किंवा किडनी कमकुवत असलेल्या माणसाला उगीच लावलेल्या दोन बाटल्यांनी रात्रीत दम लागू शकतो. मधुमेह तपासल्याशिवाय डेक्स्ट्रोज लावणे तितकेच धोक्याचे, कारण अशक्तपणा, वारंवार लघवी आणि सुकलेले तोंड ही अनेकदा फार वाढलेल्या साखरेची लक्षणे असतात. ग्लुकोमीटरवर बोटातला रक्ताचा थेंब तपासायला एक मिनिट लागतो. अशक्तपणाच्या प्रत्येक रुग्णात तो आधी तपासावा. सलाईन मागणाऱ्याला नुसते नाही म्हटले तर तो दुसऱ्या दवाखान्यात जातो. तेव्हा अशक्तपणाचे खरे कारण शोधून तेच समजावून सांगणे हाच टिकाऊ उपाय.

सोडियम कमी होते तेव्हा

आजोबा दोन दिवस नीट बोलत नाहीत, तोल जातो, भूक नाही, रात्री बडबडतात. नातेवाइकांना अर्धांगाची भीती वाटते आणि रक्तात सोडियम ११८ निघते, असे दृश्य दवाखान्यांत वरचेवर दिसते. १३५ च्या खाली सोडियम कमी समजतात, १२५ च्या खाली गंभीर. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे रक्तदाबासाठी दिलेली हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांसारखी लघवी वाढवणारी गोळी, तीही अनेकदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिसळलेली. त्यातच डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलेले असते आणि घरच्यांनी ते अगदी बंद केलेले असते. नैराश्याची आणि फिट्सची काही औषधे, थायरॉइड, फुप्फुसाचे विकार, हृदय आणि यकृताचे आजार हीही कारणे असतात.

इथे रुग्णाकडे हाताने आणि डोळ्यांनी पाहणे फार मोलाचे ठरते. जीभ कोरडी, उभे राहताच रक्तदाब घसरतो, जुलाब होऊन गेलेत, तर पाणी आणि मीठ दोन्ही गेले आहेत. ते भरून द्यावे. पायांवर सूज, पोटात पाणी, दम असेल तर शरीरात पाणी जास्त झाले आहे. तिथे सलाईन लावणे चूक, पाणी मोजून द्यावे लागते. सूजही नाही आणि शोषही नाही, तर एडीएच नको तेव्हा सुटते आहे का आणि कोणती औषधे चालू आहेत ते पाहावे. अशा रुग्णाचे सोडियम सलाईनने आणखी खाली जाऊ शकते. साखर खूप वाढली असली तरीही सोडियमचा आकडा खाली दिसतो.

सोडियम वाढवण्याचा वेग हा दुसरा धोका. बरेच दिवस कमी असलेले सोडियम एका दिवसात ८ ते १० एककांहून जास्त वाढले तर मेंदूच्या नसांवरचे आवरण खराब होऊन कायमचे अपंगत्व येऊ शकते. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर ३ टक्क्यांच्या सलाईनचा १०० ते १५० मिलिलिटरचा छोटा डोस देऊन रुग्ण मोठ्या रुग्णालयात हलवावा. पुढची दुरुस्ती वारंवार तपासणी करत तिथेच व्हावी.

उलट बाजूही असते. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा अर्धांगाने पडून असलेल्या माणसाला पाणी कमी मिळाले तर सोडियम १४५ च्या वर जाते. माणूस मलूल होतो आणि ताप समजून त्याच्यावर भलतेच उपचार होतात. अशा घरात कोणी किती वाजता किती पाणी पाजले याची वहीत नोंद ठेवली तर हा प्रसंग बहुधा टळतो.

पोटॅशियमची दोन्ही टोके

जुलाब-उलट्या लांबल्या, फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी जास्त झाली किंवा दम्यासाठी वाफेचे औषध वारंवार घेतले की पोटॅशियम घटते. पाय जड होतात, पोट फुगते, छातीत धडधडते. ईसीजीत खुणा दिसतात. सौम्य घट केळी, शहाळे, डाळी आणि पोटॅशियम क्लोराइडच्या सिरपने भरून येते. सिरप पाण्यात मिसळून आणि जेवणानंतर घ्यावे, नाहीतर पोट दुखते. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिले तरी वर येत नाही, हेही तपासावे. शिरेतून पोटॅशियम नेहमी पातळ करून, सावकाश आणि देखरेखीत द्यायचे. सुईने थेट शिरेत ढकलले तर हृदय थांबते. प्राथमिक केंद्रात ती वेळ येऊ नये.

वाढलेले पोटॅशियम जास्त कपटी असते, कारण शेवटपर्यंत काही जाणवत नाही. किडनीचा जुना आजार, मधुमेह आणि त्यावर रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन, अशा माणसाने अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाल्ल्या तर काही दिवसांत आकडा ६ च्या वर जाऊ शकतो. खाण्याचाही वाटा असतो. एका शहाळ्यातून साधारण ५०० ते ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. बाजारातल्या ‘कमी सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. आषाढी एकादशीच्या ताटातली रताळी, बटाटा, केळी, शेंगदाणे ही सगळी पोटॅशियमने भरलेली. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. किडनी निकामी झालेल्या वारकऱ्याने मात्र एकादशीआधी डॉक्टरांशी बोलून ताट ठरवावे. कंदमुळे चिरून भरपूर पाण्यात उकडली आणि ते पाणी टाकून दिले तर पोटॅशियम बरेच कमी होते.

अहवालात पोटॅशियम जास्त दिसले तरी आधी नमुना कसा घेतला ते विचारावे. दंड फार वेळ घट्ट बांधला, मूठ वारंवार आवळायला लावली किंवा खेड्यातून तालुक्याला पोचेपर्यंत उन्हात नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. पण फेरतपासणीची वाट पाहत बसू नये; ईसीजी लगेच काढावा. टी-लाटा उंच आणि टोकदार दिसल्या, त्यांच्याआधीचा आलेख रुंदावलेला दिसला, तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर शिरेतून सावकाश द्यावे. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला संरक्षण मिळते. साल्ब्युटामॉलची वाफ, ग्लुकोजसह इन्सुलिन (साखर तपासत) हे उपाय पोटॅशियम तात्पुरते पेशींत ढकलतात. हे करता करताच रुग्णाला डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी पाठवायचे.

पाणी जास्त होते तेव्हा

हृदय, किडनी किंवा यकृत थकले की पाणी आणि मीठ अंगात साचते. अशा माणसाच्या घरात वजनकाटा हे औषधाइतकेच महत्त्वाचे साधन. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत वजन करावे. अंगात एक लिटर पाणी साचले की वजन एक किलोने वाढते. तीन दिवसांत दोन किलो वाढले, रात्री उशाशी दोन उश्या लागू लागल्या, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहिला, तर दवाखाना गाठावा. त्या टप्प्यावर लघवीच्या गोळीचा डोस बदलून भरती होण्याची वेळ बहुधा टाळता येते. मीठ कमी म्हणजे शेंगाचटणी, लोणचे, पापड, फरसाण यांचे मीठही मोजायचे, नुसते भाजीतले नव्हे.

आजारपणातल्या गोळ्या

बिघाड टाळण्याची सर्वांत स्वस्त संधी औषधांच्या चिठ्ठीत असते. जुलाब-उलट्या होऊन खाणेपिणे तुटले की लघवीच्या गोळ्या, रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधे, मेटफॉर्मिन, लघवीवाटे साखर काढणारी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे आणि वेदनाशामके तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांनी आधीच रुग्णाला लिहून द्यावे. नीट खाणेपिणे सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती परत चालू करायची. इन्सुलिन मात्र स्वतःहून बंद करू नये. वारीला, यात्रेला किंवा शेतकामाला निघणाऱ्या रुग्णाकडे ही चिठ्ठी असली तर वाटेतल्या कोणत्याही केंद्रात तिचा उपयोग होतो. लघवीची किंवा रक्तदाबाची नवी गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन एकदा तपासावे.

पुढच्या रुग्णालयात कधी पाठवायचे, याच्या खुणा ठरलेल्या असाव्यात: शुद्ध हरपणे किंवा झटके, रक्तदाब कोसळणे, सहा तासांहून जास्त वेळ लघवी न होणे, सतत उलट्या, ईसीजीत बदल, सोडियम १२५ च्या खाली किंवा १५० च्या वर, पोटॅशियम ३ च्या खाली किंवा ६ च्या वर, आणि शोष झालेले तान्हे बाळ जे पीत नाही. पाठवताना रुग्णासोबत एक कागद जावा: वजन, किती द्रव कोणता आणि किती वाजल्यापासून दिला, लघवी किती झाली, कोणत्या गोळ्या चालू होत्या, ईसीजीची प्रत. त्यावरून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना रुग्ण दारात येताच पुढचे माप ठरवता येते आणि आधी दिलेलेच पुन्हा देण्याची चूक होत नाही.